शिकाऊ परवान्याची सवलत

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्या बारामती-इंदापूर मुलखात उसाचे मळे उभे राहिले, तेथे बैलगाडीच्या वाटांवर मोटारसायकल धावू लागली, तेव्हा शिकाऊ परवान्याच्या अटींतून सूट मिळावी ही अपेक्षाही ओघानेच आली. वस्तुतः हा परवाना स्वतःच एक सूट आहे. कारण 1939 च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यावाचून वाहन हाकण्यास मनाई करतानाच, शिकणाऱ्यास ती कोणत्या शर्तींवर लागू नसावी हे ठरविण्याचा अखत्यार प्रांतिक सरकारांना दिला, आणि 1988 च्या कायद्याने तो केंद्राकडे नेला. 1989 च्या नियमांनी पुढे-मागे किमान 18 सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडे ‘एल’ अक्षर बंधनकारक केले आणि शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज मोटारसायकलीवर दुसऱ्या कोणास बसविण्यास मज्जाव केला. पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी 50 घनसेंटिमीटरपर्यंतचे विनागियर वाहन चालविण्याची मुभा मात्र कायद्यानेच दिली. वाडीवस्तीवरून आईला बाजारास नेऊ पाहणाऱ्या मुलाची अडचण खरी आहे. तथापि तिचा उपाय अट शिथिल करण्यात नसून, परीक्षा त्याच्या गावाजवळ आणण्यात आहे, कारण ती अट मागे बसणाऱ्या त्या माउलीच्याच जिवाची हमी आहे.