स्टुडिओ ५४

न्यूयॉर्क शहरातील नाट्यगृह. एकेकाळचा जगप्रसिद्ध नाइटक्लब. मॅनहॅटनमध्ये पश्चिम ५४व्या रस्त्यावर, ब्रॉडवे व आठवा ॲव्हेन्यू यांच्या दरम्यान.

इमारत मुळात ऑपेरासाठी बांधलेली. ऑपेरा कंपनी चालवणाऱ्या फॉर्च्युन गॅलोसाठी यूजीन डी रोझाने तिचा आराखडा केला. ८ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘ला बोएम’ने तिचा पडदा उघडला, दोनेक वर्षांतच ती गॅलोच्या हातून गेली. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली आणि त्याच महिन्यात बिली रोझने येथे ‘कॅसिनो द पारी’ थाटला. जेवण, मद्य आणि नाच असा सगळा बेत होता, म्हणजे नाइटक्लब इथे १९७७ मध्ये आला असे म्हणणे अपुरे आहे. पुढे सरकारी रोजगार योजनेतील प्रयोग झाले. १९४०च्या दशकात सीबीएसने जागा घेतली. आधी रेडिओ, मग दूरचित्रवाणी. ‘व्हॉट्स माय लाइन?’सारखे कार्यक्रम तेव्हा ‘स्टुडिओ ५२’ म्हणवल्या जाणाऱ्या या जागेतूनच होत.

२६ एप्रिल १९७७ रोजी स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर यांनी इथे ‘स्टुडिओ ५४’ हा क्लब उघडला. नामवंत पाहुण्यांवर बरेच लिहिले गेले आहे; खरी करामत जुन्या रंगमंचाची होती. प्रेक्षागृह आणि रंगमंच मिळून नाचाची जागा झाली. पडदे वरखाली करण्याच्या यंत्रणेवर दिव्यांचे खांब टांगले. ते नाचणाऱ्यांच्या डोक्यावर उतरत. चमच्याने कोकेन ओढणाऱ्या चंद्राचा देखावाही वरूनच खाली येई. बाल्कनीतल्या खुर्च्या तशाच ठेवल्या होत्या. दमलेले लोक तिथून खालचा तमाशा बघत. दारात कोणाला आत घ्यायचे हे बहुधा रुबेल स्वतः ठरवी.

दारूचा कायमचा परवाना मात्र सुरुवातीला नव्हताच. एका दिवसाच्या परवान्यांवर काम भागवले जाई. महिन्याभरात छापा पडला आणि ऑक्टोबरपर्यंत फळांचे रस व सोडा विकावा लागला. मिळकतीची बढाई रुबेलने वर्तमानपत्रांपाशी मारलीच होती. डिसेंबर १९७८ मध्ये करखात्याने धाड घातली आणि १९८० च्या आरंभी दोघेही तुरुंगात गेले.

नव्या मालकांनी क्लब १९८१ ते १९८६ चालवला, पण ती रया राहिली नव्हती. मग रॉक मैफली झाल्या. १९९८ मध्ये बर्लिनमधील नाइटक्लबात घडणारे ‘कॅबरे’ हे संगीतक येथे आले आणि इमारत नाटकाकडे परतली. २००३ मध्ये राउंडअबाउट थिएटर कंपनीने ती विकत घेतली. सुमारे हजार आसनांच्या या गृहात ब्रॉडवेचे प्रयोग होतात. क्लबच्या दिवसांत तळघर फक्त खास पाहुण्यांसाठी असे; २०१२ मध्ये तिथे ‘५४ बिलो’ सुरू झाले. तेथे तिकीट काढून कोणालाही गाणे ऐकत जेवता येते.