होशंगाबादची प्रयोगवही

नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२२ साली बदलून नर्मदापुरम् झाले. परंतु भारतीय शिक्षणाच्या इतिहासात तो जिल्हा जुन्या नावानेच ओळखला जाईल. १९७२ साली तेथील १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकविण्याची रीत मुळापासून बदलण्यात आली. खेड्यातील मुलांनी धडा पाठ करण्याऐवजी स्वतः प्रयोग करावा, दिसले ते वहीत टिपावे, वर्गात त्यावर वाद घालावा आणि मग निष्कर्ष काढावा, अशी ती योजना होती.

या कार्यामागे दोन संस्था होत्या. एक रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर, म्हणजे क्वेकर पंथीय ख्रिस्ती बांधवांनी चालविलेले ग्रामसेवेचे केंद्र. दुसरी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आपले काम सोडून खेड्यात गेलेल्या डॉ. अनिल सद्गोपाल यांनी स्थापिलेली ‘किशोर भारती’. प्रा. यशपाल यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले. पुढे दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापकही येऊन मिळाले. हाताने काम करीत शिकण्याचा विचार अर्थातच नवा नव्हता. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी ‘नयी तालीम’ मांडली होती. सेवाग्रामच्या त्या शिक्षणकार्यात दीर्घकाळ राहिलेल्या क्वेकर शिक्षिका मार्जोरी साइक्स यांचे वास्तव्य नंतर काही वर्षे रसुलियातच होते.

आपल्याकडे शाळेतील प्रयोगशाळेचे कपाट बहुधा कुलूपबंदच असते. काचेचे भांडे फुटले तर भरपाई कोण करणार, ही शिक्षकाला धास्ती! होशंगाबादेत साहित्यच असे निवडले गेले की, ते मुलांच्या हाती देताना भीती वाटू नये. फुलाचे भाग सुटे करावयास बाभळीचा काटा चालत असे. १९७८ साली पुण्यातील टेल्कोमधून अभ्यासरजा घेऊन तेथे गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या.

तथापि या स्वस्त साहित्याचे कौतुक करून थांबणे योग्य नव्हे. साहित्य कोणीही वाटू शकतो. एकाच टेबलाची लांबी दहा मुलांनी मोजली आणि दहा उत्तरे आली, तर शिक्षकाने काय करावे? होशंगाबादचे वैशिष्ट्य येथे आहे. त्या शिक्षकाला उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. तेथे तो स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करी. पुढे दरमहा परिसरातील शिक्षकांची बैठक भरे आणि वर्गातील अडचणी तेथे मोकळेपणाने मांडल्या जात. ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू या’, असे म्हणण्याचे धैर्य शिक्षकाला त्यातून लाभले. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्राने विचारता येत आणि उत्तरही येई.

परीक्षाही बदलली. मुलांनी पुस्तक आणि वही घेऊनच लेखी परीक्षेस बसावे. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा द्यावी. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. पाठांतराला गुण देणारी परीक्षा कायम ठेवून प्रयोगशील शिक्षणाचा आग्रह धरणे म्हणजे पाय बांधून धावण्यास सांगणे होय. ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमानेच छापली. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व शाळांत पोहोचला.

१९८२ साली ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली आणि तिने हे कार्य स्वीकारले. विज्ञानाबरोबर कलेलाही तिने स्थान दिले. १९८५ साली निघालेल्या ‘चकमक’ मासिकात मुलांची चित्रे आणि लेखन मानाने छापले जाऊ लागले. प्राथमिक वर्गांसाठी सिद्ध केलेल्या ‘खुशी-खुशी’ पुस्तकांत भाषा, गणित आणि चित्रकला यांच्यामधील भिंती पुष्कळशा पाडलेल्या होत्या.

शतकाच्या अखेरीस विज्ञानाचा कार्यक्रम अनेक जिल्ह्यांत, हजाराच्या आसपास शाळांत चालू होता. मात्र त्याचे बळ होते तेथेच त्याचे मर्मस्थानही होते. पुस्तक, प्रशिक्षण, परीक्षा या सर्वांस शासनाची मान्यता असल्यामुळेच तो गरिबांच्या शाळांत पोहोचला. आणि ती मान्यता काढून घेणेही शासनाच्याच हाती होते. आमची मुले मागे पडतात, राज्यभर चालते तेच पुस्तक आम्हांलाही हवे, अशी मागणी स्थानिक लोकप्रतिनिधींनी केली. पालकांची ती चिंता मी क्षुल्लक मानणार नाही. दहावीच्या परीक्षेत मुलाला जुन्याच पद्धतीची प्रश्नपत्रिका सोडवावी लागणार होती. परंतु त्यावरचा उपाय दहावीची परीक्षा सुधारणे हा होता. जुलै २००२ मध्ये शासनाने कार्यक्रमच बंद केला. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध नोंदविला, तो व्यर्थ ठरला.

२००५ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. मुलांनी कृतीतून आणि अनुभवातून ज्ञान घडवावे, असे त्यात आवर्जून सांगितले होते. तो सिद्ध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल होते. होशंगाबादच्या शाळांतून ‘बाल वैज्ञानिक’ जाऊन तेव्हा तीन वर्षे लोटली होती.