पट्ठे बापूराव ते सूरज चव्हाण : आयुष्याचा खेळ

कराड तालुक्यातील उंब्रज हे कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे गाव. जवळच पाल येथे पौषात खंडोबाची यात्रा भरते. यात्रा आणि तमाशा यांचे नाते या खोऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. कृष्णेच्या काठाने आणखी खाली गेले की वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष लागते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तथा पट्ठे बापूराव (1866–1945) यांचे हे जन्मगाव. खेळ संपल्यावर कलावंताचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस दूरचित्रवाणीपासून सुरू करता येत नाही.

बापूरावांनी ब्राह्मण्य आणि घर सोडून तमाशाचा फड धरला. पवळाबाईंच्या साथीने त्यांनी अमाप लोकप्रियता मिळवली. अखेरची वर्षे मात्र पुण्यात विपन्नावस्थेत गेली. त्यांच्या आयुष्याबद्दल लोकांना कुतूहल होतेच, पण फडावर मांडली जात होती ती लावणी आणि वग. माणूस गेला तरी त्याची रचना उरली.

आयुष्यच मांडायचे तर त्याचीही एक परंपरा याच सातारा जिल्ह्यात आहे. फलटण परिसरातून आलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. कैकाडी समाजातील दारिद्र्य आणि भटकेपण तेथे उघडे होते. परंतु काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि कोठे थांबायचे, हे लेखकाच्या हाती होते.

या दोन्ही वाटांहून ‘रिअ‍ॅलिटी शो’ वेगळा पडतो. नेदरलँड्समध्ये 1999 साली ‘बिग ब्रदर’ सुरू झाला. त्याचा हिंदी अवतार 2006 मध्ये आणि मराठी अवतार 2018 मध्ये आला. येथे बंद घरात राहणे हाच प्रयोग असतो. कॅमेरे अहोरात्र चालतात, प्रेक्षकांपर्यंत त्यांतील निवडक भाग तेवढा पोहोचतो, आणि ती निवड जगणाऱ्याची नसते.

मराठी ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वाची अंतिम फेरी 6 ऑक्टोबर 2024 रोजी झाली. विजेता ठरला बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला हा तरुण टिकटॉकवरील चित्रफितींमुळे ओळखला जाऊ लागला होता. 2020 मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि ते व्यासपीठच नाहीसे झाले. घरातील सत्तर दिवसांत त्याचे पोरकेपण, त्याचे अर्धवट शिक्षण आणि त्याची बोली हेच कथानक झाले. त्याला चौदा लाख साठ हजार रुपयांचे पारितोषिक मिळाले. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी घर बांधून देण्याचे आश्वासन दिले. एप्रिल 2025 मध्ये त्याला नायक करून केदार शिंदे यांचा चित्रपट आला. त्याचे नाव ‘झापुक झुपूक’, म्हणजे सूरजच्याच तोंडचे शब्द. खेळातून बाहेर आल्यावरही भूमिका तीच राहिली.

त्याच अंतिम फेरीत उपविजेता ठरला अभिजीत सावंत. मार्च 2005 मध्ये ‘इंडियन आयडॉल’चे पहिले पर्व जिंकणारा हा गायक. तेव्हा प्रेक्षकांनी कौल दिला होता त्याच्या आवाजाला. एकोणीस वर्षांनंतर तो ज्या घरात शिरला तेथे गाणे ही कसोटी नव्हती. स्वभाव, मैत्री आणि भांडण यांना मते होती. या दोन तारखांच्या मध्ये मराठी प्रेक्षकाच्या अभिरुचीचा एक लहानसा इतिहास सामावला आहे, असे आम्हांस वाटते.

अशा विजेत्यांना हसणे सोपे आहे, आणि सुशिक्षित वर्गाने ते पुरेसे केले आहे. आमच्या मते त्यात न्याय नाही. ज्याच्यापाशी जमीन नाही, पदवी नाही, वशिला नाही, त्याने आपले जगणेच बाजारात मांडले तर त्याच्या धाडसाची नोंद घ्यावी लागेल. चिंता निराळी आहे. लावणीचा कवी नवी लावणी रचू शकतो, गायक नवे गाणे शिकू शकतो. ज्याचे दुःख हीच कला ठरली, त्याने पुढे काय रचावे? सुख मिळाले की कथानक संपते, आणि दुःख टिकवावे तर माणूस संपतो.

साहित्याच्या वर्गात आपण ‘निवेदक कोण?’ हा प्रश्न नित्य विचारतो. तो आता दूरचित्रवाणीच्या पडद्यालाही विचारला पाहिजे. सूरजची कथा महाराष्ट्राने पाहिली आहे. त्याने स्वतः, आपल्या क्रमाने सांगितलेली कथा ऐकणे अजून बाकी आहे.