धर्माचा रकाना



जूनअखेरीस शाळा उघडली की गुरुजी दाखल-खारीजचे रजिस्टर पुढे ओढतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, आणि मग येतो धर्म. पुष्कळदा हा रकाना न विचारताच भरला जातो. आडनाव कानावर पडले, की लेखणी चालू! आज या बोटभर रुंदीच्या रकान्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या चांद्याच्या इतिहासात त्याने बरेच काही घडवले आहे.

पहिली गोष्ट गोंडांची. त्यांचा थोर देव पेरसापेन. त्याला ना शिखर, ना सभामंडप. ऐनाचे झाड, ज्याला कोणी साज म्हणतात, ते या देवाचे म्हणून पवित्र. कुळे देवांच्या संख्येवरून ओळखायची: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एका संख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. म्हणजे इथे धर्म आणि नातेगोते एकाच दोरीने बांधलेले. पण चंद्रपूरचे महाकालीचे देऊळ बांधले कोणी? अठराव्या शतकाच्या आरंभी, गोंड राणी हिराईने! आपला पेनही पुजायचा आणि चैत्रात महाकालीच्या जत्रेलाही जायचे, यात गोंड माणसाला विसंगती वाटली नाही. रकान्याला मात्र एकच शब्द हवा असतो. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात सहा धर्मांना आकडे होते. बाकीच्यांनी आपल्या धर्माचे नाव अक्षरांत लिहायचे. देशभरातल्या सुमारे दहा लाख लोकांनी तिथे ‘गोंड’ किंवा ‘गोंडी’ असे लिहवून घेतले.

दुसरी गोष्ट आपल्या गावचीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चांद्याला आले आणि इथेही प्रचंड जनसमुदायाला दीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलुखात बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. १९६१ साली ते सत्तावीस लाखांच्या वर गेले!

पण या शब्दाची किंमत पडत होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू धर्माशी बांधल्या होत्या. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावे लागले. मधल्या काळात बापापुढे पेच होता. घरात बुद्धवंदना, आणि मुलाच्या दाखल्यावर काय लिहायचे? ‘बौद्ध’ लिहिले तर शिष्यवृत्ती बुडेल. ‘हिंदू महार’ लिहिले तर दीक्षेच्या शपथेचे काय? कोणी एक लिहिले, कोणी दुसरे. त्यांना आपण कोण दोष देणार! गोंडांना हा पेच नाही, कारण अनुसूचित जमातीची नोंद धर्मावर अवलंबून नाही. उलट दलित ख्रिस्ती माणूस आजही केंद्राच्या त्या यादीबाहेर आहे.

तिसरी गोष्ट ख्रिस्ती लोकांची. चांद्यात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चे एकत्र होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. पाटीवरचे नाव बदलले. भक्ताचा देव तोच राहिला. इथे हे सल्लामसलतीने झाले. दूरच्या युक्रेनमध्ये मात्र १९४६ साली सोव्हिएत सत्तेने ग्रीक कॅथलिक चर्च मोडून रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये घातले. कागदावर ते चर्च उरले नाही. तरी लोकांनी घराघरांत, रानावनात लपून प्रार्थना चालू ठेवली, आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उघड्यावर आले. त्रेचाळीस वर्षे नोंद एक होती आणि श्रद्धा दुसरी.

तेव्हा श्रोतेहो, रजिस्टरातल्या शब्दावरून माणसाच्या मनातला देव कळतोच असे नाही. पण म्हणून तो शब्द क्षुल्लकही नाही. त्यावर कुणाची शिष्यवृत्ती अवलंबून असते, कुणाची शपथ, कुणाच्या आजापणज्यांची ओळख.

गुरुजी, येत्या जूनमध्ये एवढेच करा. त्या रकान्यापाशी लेखणी थांबवा. समोर बसलेल्या मायबापांना विचारा, “तुमचा धर्म काय लिहू?” आणि ते सांगतील तेच लिहा.