मूल हरवल्यास शोध कसा होतो? पोलीस, संस्था आणि पोर्टलची साखळी समजून घ्या

ग्वाल्हेर : 'बाळा, घर कुठे तुझं?' असे विचारले तर दौलतगंजमधले मूल 'दौलतगंज' किंवा फार तर 'लष्कर' एवढेच सांगणार. ग्वाल्हेरमध्ये तेवढे पुरते. पण हेच मूल चुकून रेल्वेत बसून महाराष्ट्रात पोहोचले, तर 'लष्कर' म्हणजे पुण्याचा कॅम्प, असे ऐकणाऱ्याला वाटेल. दौलतगंज तर उज्जैनमध्येही आहे.

ही भीती उगाच नाही. पंजाब मेलसारख्या गाड्या ग्वाल्हेरहून भोपाळ, इटारसी, भुसावळमार्गे थेट मुंबईला जातात. म्हणजे मूल हरवल्याची नोंद एका राज्यात आणि सापडल्याची दुसऱ्या राज्यात होऊ शकते. या दोन नोंदी जुळवण्यासाठीच पोलीस, सामाजिक संस्था आणि तंत्रज्ञान यांची साखळी उभी आहे.

चोवीस तास थांबायचे नाही

'आधी एक दिवस वाट बघा', हा सल्ला आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला. त्यानुसार १८ वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली, की अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरून एफआयआर नोंदवावाच लागतो. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'झिरो एफआयआर'ची तरतूद आहे. घटना कुठल्याही हद्दीतली असो, जवळच्या ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. ग्वाल्हेरचे कुटुंब प्रवासात असताना भुसावळला मूल हरवले, तर तिथेच तक्रार देता येते.

१०९८ आणि संस्थांचे काम

१०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. पुढे चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनने गावोगावच्या संस्थांना जोडून ती देशभर नेली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ क्रमांकाशी जोडली गेली. नंबर मात्र तोच आहे.

रेल्वे स्टेशनवर आणि गाड्यांमध्ये सापडलेल्या मुलांसाठी रेल्वे सुरक्षा दल 'नन्हे फरिश्ते' ही मोहीम चालवते. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे. सापडलेल्या मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करणे कायद्याने बंधनकारक आहे. घर दुसऱ्या राज्यात असल्याचे कळले, तर मुलाला त्याच्या जिल्ह्यात पाठवण्याचा आदेश हीच समिती देते. तोपर्यंत मूल बालगृहात राहते. त्याच्याशी बोलून, त्याचा विश्वास मिळवून पत्ता काढण्याचे काम बहुतेक वेळा संस्थांचे कार्यकर्तेच करतात.

पोर्टल काय करते?

'ट्रॅकचाइल्ड' पोर्टलवर पोलीस ठाणी हरवलेल्या मुलांची आणि बालगृहे सापडलेल्या मुलांची माहिती भरत. २०१५ मध्ये सामान्य नागरिकांसाठी 'खोया-पाया' आले. आता हे काम 'मिशन वात्सल्य' पोर्टलवर चालते.

अडचण येते ती माहिती भरण्यात. घरचे 'बंटी' म्हणतात, शाळेत नाव वेगळे, बालगृहात तिसरेच लिहिले जाते. एकाच आडनावाचे हिंदी, मराठी आणि इंग्रजीत तीन प्रकार होतात. एका टोकाची नोंद चुकली किंवा राहिली, तर कॉम्प्युटर तरी काय जुळवणार?

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचेही तसेच. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी बालगृहांतील सुमारे ४५ हजार मुलांवर चाचणी घेतली. चार दिवसांत जवळपास तीन हजार मुलांची ओळख पटल्याचे सांगण्यात आले. मात्र २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टात केंद्र सरकारनेच सांगितले, की या प्रणालीला मुलगा आणि मुलगी यातला फरकही नीट कळत नाही. म्हणजे यंत्राने सुचवलेले नाव माणसाने तपासलेच पाहिजे.

जबलपूर-नागपूर : दहा वर्षांनी भेट

२०११ मध्ये जबलपूरहून हरवलेला आठ वर्षांचा मुलगा नागपूर रेल्वे स्टेशनवर पोलिसांना सापडला. पोलिसांनी त्याला अनाथाश्रमात सोपवले. पुढे आश्रम बंद पडला, तेव्हा चालकाने त्याला स्वतःच्या घरी सांभाळले. शाळेसाठी आधार काढायला गेले, तर नोंदणी वारंवार नाकारली जायची. अखेर नागपूरच्या आधार केंद्रात तपासणी झाली आणि समजले, की त्याचे आधार जबलपूरमध्ये आधीच निघाले आहे. २०२१ मध्ये तो आई-वडिलांना भेटला.

ठसे जुळले, हे खरे. पण आश्रमचालकाने मुलाला सोडले नाही आणि केंद्रातल्या माणसाने 'रिजेक्ट' शिक्का पाहून फाइल बंद केली नाही, म्हणून ते जुळले.

पालकांनी एवढे करावे

- मुलाला पूर्ण पत्ता पाठ करून घ्या : दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर, मध्य प्रदेश. सोबत एक मोबाइल नंबर.
- दर सहा महिन्यांनी समोरून एक स्पष्ट फोटो काढून ठेवा.
- पाच वर्षांखालील मुलाच्या आधारमध्ये ठसे नसतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते अपडेट करा.
- तक्रारीत घरचे लाडके नाव, बोलीभाषा, अंगावरची खूण आणि महाराष्ट्रातील नातेवाइकांची गावे लिहून द्या. एफआयआरची प्रत मागून घ्या. ती मोफत मिळते.

एकटे मूल दिसल्यास

१०९८ किंवा ११२ वर लगेच कळवा. परस्पर घरी ठेवून घेऊ नका. सापडलेले मूल २४ तासांत न कळवणे हा गुन्हा आहे. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याची बंदी आहे. हरवल्याची पोस्ट शेअर केली असेल, तर मूल घरी आल्यावर ती काढून टाका. ते मूल उद्या त्याच गल्लीत, त्याच शाळेत जाणार आहे.