गणदेवीचा किनारा आणि एक फुटलेले तारू



धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही सुरतेहून बिलिमोऱ्याजवळच्या धोलाई बंदरावर गेलो होतो. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर मोठा. एक वयस्कर तांडेल मुलांना म्हणाले, "इथे खडकाची भीती नाही, वाळूची आहे. ती पाण्याखाली लपते आणि जागाही बदलते."

याच वाळूने सप्टेंबर १६०९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे 'असेन्शन' हे जहाज गिळले. एडन, मोखा करत ते सुरतेला निघाले होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर थोड्या पैशांत वाटाड्या मिळत होता. जहाजाच्या मुख्य नाविकाने तो नाकारला. पुढे जहाज वाळूत रुतले, सुकाणू मोडले आणि खलाशी दोन लहान होड्यांतून गणदेवीच्या खाडीत शिरले.

गणदेवीचा अधिकारी बनिया होता, जीवहत्या पाप मानणारा. त्याने या परक्यांना मायेने वागवले. सुरतेने मात्र पोर्तुगिजांच्या धाकाने त्यांना शहरात घेतले नाही. त्यांना बाहेरच्या गावात राहावे लागले. तिथे काही जणांनी दारू पिऊन धिंगाणा घातला, एकाने तर वासरू मारले. ज्यांच्या आसऱ्याला राहिले, त्यांचेच मन दुखावले. हे सारे ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक होते, आणि ज्यांच्या धाकाने वेस बंद झाली तेही ख्रिस्ताचेच नाव घेणारे. हे वाचताना आम्हांला लाज वाटते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ आणि २८ आठवा. पौलाचा इशारा शताधिपतीने मानला नाही. तारू फुटले, पण २७६ जण जिवंत किनाऱ्याला लागले. मिलिता बेटावरच्या लोकांनी पाऊस आणि थंडी पाहून त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. पौलाला ते ओळखत नव्हते, प्रभूलाही नाही. तरी शेकोटी पेटली. पौल नुसता शेकत बसला नाही; त्याने स्वतः काटक्या गोळा केल्या, आणि पुढे तिथल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. पाहुण्याने कसे वागावे, हेही तिथेच शिकायला मिळते.

आपल्यापैकी पुष्कळांची कुटुंबे पोटासाठी सुरतेत आली. कोणीतरी खोली दिली, कोणी कामाला लावले; ते सगळे आपल्या धर्माचे नव्हते. आज नवे कुटुंब उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसते, तेव्हा आपण गणदेवी असतो की वेस बंद करणारी सुरत? आणि ज्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या भावना जपतो का?

परतताना एका मुलीने विचारले, "त्या अधिकाऱ्याचे आभार कोणी मानले का?" आम्ही गाडीतच मान लववून त्याच्यासाठी देवाचे आभार मानले.

प्रभू आपल्या दारातली शेकोटी विझू न देवो. आमेन.