सीझरचा आवाज : बरोक ऑपेरा आणि घरातली चित्रफीत

नाटकाची संहिता टिकते आणि प्रयोग विरून जातो, हे साहित्याच्या वर्गात आपण इतक्या सहजपणे सांगतो की त्यात काही तपासून पाहण्यासारखे आहे असे वाटतच नाही. चित्रफितीच्या आगमनानंतर मात्र हे विधान पूर्वीइतके निर्विवाद राहिलेले नाही. प्रयोगही आता घरातल्या कपाटात पुस्तकाशेजारी उभा राहू शकतो. पण अशा रीतीने जे टिकते ते नेमके काय असते? ती कलाकृती असते, की कोणा एका दिग्दर्शकाने आणि कोणा एका गायिकेने तिचा लावलेला अर्थ? पाश्चात्त्य संगीतनाट्याच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो बरोक ऑपेराच्या संदर्भात. कारण येथे संहिता टिकली होती. ती गावी कशी, रंगमंचावर आणावी कशी, याची परंपरा मात्र मध्येच तुटली होती.

बरोक ऑपेराचा काळ ढोबळमानाने १६०० ते १७५० असा मानला जातो. मोंतेव्हेर्दीचा 'ओर्फेओ' १६०७ साली मांतुआच्या दरबारी मंडळींपुढे झाला. १६३७ साली व्हेनिसमध्ये सान कास्सियानो हे तिकीट काढून प्रवेश देणारे ऑपेरागृह उघडले आणि राजाश्रयाची ही कला लोकाश्रयाला आली. जर्मनीत जन्मलेल्या हँडेलने (१६८५–१७५९) लंडनमध्ये राहून इटालियन ऑपेरे लिहिले. त्याचा शेवटचा इटालियन ऑपेरा १७४१ सालचा. त्यानंतर अभिरुची बदलली, आणि त्याचे चाळीसच्या आसपास ऑपेरे दीडशेहून अधिक वर्षे रंगमंचाबाहेर राहिले. १९२० साली गॉटिंगेन येथे ऑस्कार हागेन या कला-इतिहासकाराने 'रोदेलिंदा' रंगमंचावर आणला, तेव्हापासून हँडेलच्या ऑपेऱ्यांचे आधुनिक पुनरुज्जीवन सुरू झाले असे मानतात.

परंपरा तुटते म्हणजे काय होते, हे स्वरलिपीकडे पाहिले की कळते. बरोक स्वरलिपीत पुष्कळ काही लिहिलेलेच नसते. गायकाची स्वरावली असते, तळाचे खर्ज स्वर असतात आणि त्या खर्जावर साथीदाराने काय वाजवायचे याच्या सूचना अंकांच्या रूपात असतात. गायकाने कोणते अलंकार घ्यावेत हे बहुधा लिहिलेले नसते, कारण ते त्याला ठाऊक असणे गृहीत होते. मोंतेव्हेर्दीच्या 'पोपेआ'ची (१६४३) तर दोन हस्तलिखिते उपलब्ध आहेत, एक व्हेनिसमधले आणि एक नेपल्समधले. ती परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. अशा संहितेचा प्रयोग करणे हेच मुळात एक प्रकारचे संपादन असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हँडेलचा 'जूलिओ चेझारे', म्हणजे 'जूलियस सीझर'. २० फेब्रुवारी १७२४ रोजी लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. सीझर इजिप्तमध्ये येतो, क्लिओपात्रा त्याला मोहवते, तिचा भाऊ टॉलेमी त्याच्या जिवावर उठतो आणि शेवटी सीझर विजयी होतो, असे त्याचे कथानक. या जगज्जेत्या सीझरची भूमिका केली ती सेनेझीनो या कास्त्रातो गायकाने. बालपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला जात नसे, असा गायक म्हणजे कास्त्रातो. कंठ मुलाचा आणि छाती पुरुषाची, यातून घडलेला हा आवाज त्या काळी वीरत्वाचा आवाज मानला जाई. नायकाने उंच पट्टीत गावे, यात तेव्हाच्या श्रोत्याला काहीच विपरीत वाटत नसे. ही अमानुष प्रथा पुढे बंद झाली आणि तिच्याबरोबर तो आवाजही संपला. सिस्टाइन चॅपेलमधल्या अलेस्सांद्रो मोरेस्की या गायकाची १९०२ आणि १९०४ सालची ध्वनिमुद्रणे तेवढी उरली आहेत.

तेव्हा 'जूलिओ चेझारे'च्या संहितेत आज एक रिकामी जागा आहे, आणि ती नेमकी नायकाची आहे. ती कशी भरायची याची तीन उत्तरे विसाव्या शतकाने दिली, आणि ती तिन्ही आज घरात बसून पडताळून पाहता येतात.

पहिले उत्तर म्हणजे सीझरला पुरुषाचा नेहमीचा, खालच्या पट्टीतला आवाज देणे. पूर्व बर्लिनमधल्या १९७७ सालच्या चित्रणात टेओ आडाम हा भारदस्त आवाजाचा गायक जर्मन भाषेत सीझर गातो. एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेऱ्यावर पोसलेल्या कानांना हा सीझर स्वाभाविक वाटतो. पण स्वर सप्तकभर खाली उतरवल्यामुळे वाद्यवृंदाशी असलेले त्याचे नातेच बदलून जाते.

दुसरे उत्तर म्हणजे भूमिका स्त्रीला देणे. इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या निर्मितीचे १९८४ साली स्टुडिओत चित्रण झाले. चार्ल्स मॅकेरस यांच्या संचालनाखालील या इंग्रजी प्रयोगात सीझर होत्या जॅनेट बेकर. १९८२ साली त्यांनी ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला होता. म्हणजे नाट्यगृहात जो सीझर पुन्हा पाहायला मिळणार नव्हता तो चित्रफितीत राहिला. तिसरे उत्तर काउंटरटेनरचे, म्हणजे उंच पट्टीत गाण्याची साधना केलेल्या पुरुषाचे. पीटर सेलर्स यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या आणि १९९० साली चित्रित झालेल्या प्रयोगात जेफ्री गॉल हा काउंटरटेनर सीझर आहे. २००५ साली ग्लाइंडबोर्न येथे डेव्हिड मॅकव्हिकर यांच्या दिग्दर्शनाखाली सेरा कॉनोली यांनी सीझर गायला, तेव्हा भूमिका पुन्हा स्त्रीकडे आली.

यांतले 'खरे' उत्तर कोणते, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. हँडेलकडे वळल्यास प्रश्नच बदलतो. १७२४ च्या पहिल्या प्रयोगात सेस्तो या तरुणाची भूमिका मार्गेरीता दुरास्तांती या गायिकेने केली होती. पुढच्याच वर्षी पुनःप्रयोगाच्या वेळी टेनर गायक हाताशी होता, तेव्हा हँडेलने ती भूमिका त्याच्यासाठी फेरफार करून दिली. याचा अर्थ, ज्या मूळ पाठाचा आपण शोध घेतो तो स्वतः कर्त्याच्या हातीही स्थिर नव्हता. प्रत्येक गायकमंडळासाठी तो नव्याने बेतला जात होता. निरनिराळ्या चित्रफितींतले सीझर म्हणजे मूळ पाठाची भ्रष्ट रूपे नव्हेत. पाठचिकित्सेच्या भाषेत ते पाठभेद आहेत.

येथे चित्रफितीचा खरा उपकार लक्षात येतो. नाट्यगृहात जाणाऱ्या प्रेक्षकाला एका वेळी एकच प्रयोग दिसतो, आणि आधीचा प्रयोग त्याच्या आठवणीत धूसर होत जातो. घरात हे प्रयोग एकमेकांशेजारी ठेवता येतात, थांबवता येतात, मागे नेता येतात. ज्यांच्या गावात बरोक ऑपेराचे नियमित प्रयोग होत नाहीत, त्या आपल्यासारख्यांसाठी तर हाच प्रमुख मार्ग आहे. डीव्हीडीने आणखी एक सोय आणली, ती निवडता येणाऱ्या उपशीर्षकांची. ही सोय बरोक काळाला परकी नाही. हँडेलच्या लंडनमध्ये प्रेक्षकांना इटालियन शब्द आणि समोरासमोर त्यांचा इंग्रजी अनुवाद असलेली पुस्तिका विकत मिळे. प्रयोग चालू असतानाही प्रेक्षागृहात मेणबत्त्या तेवत असत, त्यामुळे ती वाचता येई. गाणे ऐकता ऐकता शब्द वाचणारा प्रेक्षक हा अठराव्या शतकातलाच आहे. अंधाऱ्या नाट्यगृहाने त्याला मध्यंतरी दूर केले होते.

पण ज्या गुणामुळे चित्रफीत उपकारक ठरते, त्याच गुणामुळे ती बरोक ऑपेराच्या मर्मावर आघातही करते. या ऑपेऱ्याचा प्राण आहे दा कापो आरिया. तिचे तीन भाग असतात. पहिला भाग एक भाव मांडतो, दुसरा त्याला छेद देतो वा निराळा रंग देतो, आणि मग पहिला भाग परत येतो. शब्द तेच, स्वर तेच. मात्र परतताना गायकाने नवे अलंकार घालून ते खुलवायचे असतात, आणि ते अलंकार त्या दिवसाचे, त्या गायकाचे असतात. एकदा म्हटलेले पुन्हा म्हणताना ते पूर्वीचे राहत नाही, हे या रचनाबंधाचे तत्त्व आहे.

हँडेलने या परतण्याचेच नाट्य केले आहे. दुसऱ्या अंकात वेषांतर केलेली क्लिओपात्रा सीझरपुढे एक देखावा उभा करते. नऊ कलादेवतांसह पर्वत दिसतो, रंगमंचावरच वेगळा वाद्यवृंद वाजू लागतो आणि ती सीझरच्या नेत्रांची आराधना करणारी आरिया गाते. मधला भाग संपतो, आता पहिला भाग परतणार, तोच भारावलेला सीझर मध्येच बोलून जातो की स्वर्गातल्या देवाधिदेवाकडेही असे गाणे नसेल. मग क्लिओपात्रा तोच भाग पुन्हा गाते. आता ती आपण जिंकत आहोत हे जाणून गात असते. पुनरावृत्तीचा अर्थ बदलला तो मध्ये कोणीतरी ऐकल्यामुळे.

चित्रफितीत मात्र हे परतणेही गोठते. ग्लाइंडबोर्नच्या तबकडीवर डॅनिएल दे नीझ यांनी घेतलेला अलंकार दहाव्यांदा लावल्यावरही तसाच येतो. उत्स्फूर्ततेची ही हुबेहूब आवृत्ती होते, आणि जे एका क्षणाचे होते ते हळूहळू आपल्या मनात संहितेची जागा घेऊ लागते. मग दुसऱ्या गायिकेने वेगळी जागा घेतली की ती चुकली असे वाटते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. आरियाच्या दीर्घ विस्तारात कोणाकडे पाहावे हे नाट्यगृहातला प्रेक्षक ठरवतो. घरातल्या प्रेक्षकासाठी ते आधीच ठरलेले असते. गाणाऱ्या क्लिओपात्राचा क्लोज-अप दिसत असताना ऐकणाऱ्या सीझरचा चेहरा दिसत नाही, आणि वरच्या प्रसंगात तर तो ऐकतो आहे हीच महत्त्वाची गोष्ट आहे.

दिग्दर्शकीय भाष्याचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. सेलर्स यांनी कथानक मध्यपूर्वेतल्या उद्ध्वस्त हॉटेलात आणले आणि सीझरला आधुनिक अमेरिकी सत्ताधीशाचे रूप दिले. आखाती देशांतली १९९१ आणि २००३ ची युद्धे होऊन गेल्यावर हे चित्रण पाहणाऱ्याला त्यात निराळेच काही दिसते. चित्रफीत बदललेली नाही, पाहणारा बदलला आहे. मॅकव्हिकर यांचा सीझर एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या वेषात येतो, आणि क्लिओपात्राच्या नृत्यांत मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे हावभाव सरळ ओळखू येतात. इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या त्या नाट्यगृहात हे चटकदार वाटले असेल, आणि ते आहेही. मात्र ती तबकडी आपल्या घरात लागते तेव्हा इजिप्त आणि हिंदुस्थान यांची साम्राज्याच्या नजरेत झालेली सरमिसळ आपल्याला अधिक जाणवते. दिग्दर्शकाने साम्राज्याची थट्टा केली, की त्याच्या मोहात तोही थोडा सापडला? मला ही निर्मिती अतिशय आवडते, आणि तरीही हा प्रश्न सोडवत नाही.

चित्रित न झालेल्या प्रयोगाची एक कथाही येथे नोंदवली पाहिजे. लुलीचा 'आतिस' (१६७६) हा 'राजाचा ऑपेरा' म्हणून ओळखला जाई, कारण तो चौदाव्या लुईचा विशेष आवडता होता. विल्यम क्रिस्टी आणि दिग्दर्शक जाँ-मारी व्हिलेजिए यांनी लुलीच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९८७ मध्ये, तो पॅरिसमध्ये केला आणि फ्रेंच बरोक ऑपेऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलून गेली. त्याचे ध्वनिमुद्रण निघाले, पण घरी पाहता येईल अशी चित्रफीत निघाली नाही. ज्यांनी तो पाहिला होता ते सांगत राहिले आणि प्रयोगाची दंतकथा झाली. अखेर रोनाल्ड स्टँटन या अमेरिकी दात्याच्या साहाय्याने २०११ साली तीच निर्मिती पुन्हा उभी राहिली आणि या वेळी तिचे चित्रण झाले. आज आपण पाहतो तो 'आतिस' चोवीस वर्षांनी, बहुतांशी नव्या गायकांनी केलेला आहे. तोही, म्हटले तर, एक दा कापो आहे. पहिला भाग परत आला आहे, पण वेगळ्या कंठांतून.

आता डीव्हीडीची बाजारपेठ आटली आहे आणि प्रयोग संगणकाच्या पडद्यावर थेट येतात. उपलब्धता वाढली, परंतु शोध घेताच जो प्रयोग सर्वांत वर दिसतो तोच पाहून थांबण्याची सवयही वाढली. साहित्याच्या अध्यापकांना ही सवय परिचित आहे. एकच भाष्य वाचून ग्रंथ वाचल्याचे समाधान मानणारा विद्यार्थी आपण रोज पाहतो. बरोक ऑपेराच्या बाबतीत तर भाष्याखेरीज हाती काही येऊच शकत नाही, कारण सेनेझीनोचा आवाज कोणाच्याच कानावर पडणार नाही. म्हणून क्लिओपात्राची ती एक आरिया निदान तीन चित्रणांतून, एकामागून एक, वर्गात लावून पाहावी. तिसऱ्या वेळी पहिला भाग परतेल तेव्हा विद्यार्थी 'खरा सीझर कोणता' हे विचारणार नाहीत. सीझर मध्ये बोलल्यावर तिच्या गाण्यात काय बदलले, याविषयी ते आपापसांत वाद घालतील.